महागडी क्रीम ब्लश स्टिक की साधी? स्कार्फ बांधणाऱ्यांनी आधी हे बघा

ऑफिसला पोहोचून स्कार्फ सोडलात की त्याची आतली बाजू एकदा उलटून बघा. गालांच्या जागी दोन गुलाबी ठसे दिसले, तर सकाळी लावलेला निम्मा ब्लश, म्हणजे गालांवरचा रंग, कापडाने टिपून घेतलाय. पुण्यात रोजच्या मेकअपसाठी ब्लश निवडताना ब्रँडच्या आधी या ठशांचा विचार करायला हवा. चार हजारांची स्टिक आणि सहाशेची स्टिक यांतला खरा फरक कोथरूडहून हिंजवडीला तुम्ही कशाने जाता, यावर ठरतो.

पर्याय मुख्यतः चार. महागडी क्रीम स्टिक साधारण ६ ते ८ ग्रॅमची असते आणि साडेतीन ते पाच हजारांना पडते. अमेरिकेहून येणाऱ्या मावशीला हमखास आणायला सांगितली जाणारी वेस्टमन ॲटेलिएची ‘बेबी चीक्स’ ६ ग्रॅमची आहे. मेकअप आर्टिस्ट गुच्ची वेस्टमन यांनी हा ब्रँड २०१८ मध्ये सुरू केला. दुसरा पर्याय पाचशे ते नऊशेच्या दरम्यानची देशी किंवा मध्यम दराची स्टिक. तिसरा लिक्विड ब्लश आणि चौथा आपला जुना पावडर ब्लश.

पैसे नेमके कशाचे?

कुठलीही स्टिक म्हणजे तेल, मेण आणि रंग. मेणामुळे कांडी उभी राहते, तेलामुळे ती गालावर सरकते. कार्नौबा नावाच्या पामच्या पानांवरचं मेण ८२ ते ८६ अंशांना वितळतं, मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना. तेलात मिसळल्यावर मात्र मिश्रण याच्या बरंच आधी मऊ पडतं, म्हणूनच बोटाच्या उबेने स्टिक विरघळल्यासारखी वाटते. चांगल्या महागड्या स्टिकमध्ये हे प्रमाण नीट साधलेलं असतं आणि रंग बारीक दळून तेलात एकजीव केलेला असतो. त्यामुळे थर पातळ बसतो, कडा दिसत नाहीत आणि फाउंडेशनवर, म्हणजे चेहऱ्याला आधी लावलेल्या बेसवर, दुसऱ्यांदा लावली तरी खालचं काही उखडत नाही. स्वस्त स्टिक दोन प्रकारे फसते. मेण जास्त असेल तर ती गाल ओढते आणि पट्टा उमटतो. सिलिकॉन, म्हणजे गुळगुळीतपणा आणणारा घटक, जास्त असेल तर छान घसरते, पण रंग एका जागी गोळा होतो. सगळ्याच स्वस्त स्टिक अशा नसतात. सहाशेतही एखादी उत्तम निघते. अडचण एवढीच की एकाच कंपनीची एक शेड मऊ आणि दुसरी खडूसारखी असू शकते.

आता महागड्या स्टिकची उणी बाजू. तिचा मऊपणा टिकतो, कारण तिच्यातलं तेल उडून जात नाही. म्हणजेच ती गालावर कधी पूर्ण वाळत नाही आणि कापड लागलं की निघते. बऱ्याच टिकाऊ लिक्विड ब्लशमध्ये आयसोडोडेकेनसारखा उडून जाणारा घटक असतो. तो मिनिटभरात उडतो आणि मागे रंगाचा पापुद्रा राहतो. म्हणून लिक्विड टिकतो, पण पसरवायला वेळ देत नाही. रेअर ब्यूटीचा ‘सॉफ्ट पिंच’ ७.५ मिलीचा आहे आणि त्याचा रंग इतका दाट की एका गालाला टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका पुरतो. दोन ठिपके टाकलेत तर निस्तरण्यातच सकाळ जाईल.

हिशोब

समजा, ६ ग्रॅमची स्टिक ४,२०० रुपयांना आणि ८ ग्रॅमची ६४० रुपयांना मिळते. एका ग्रॅमला अनुक्रमे ७०० आणि ८० रुपये झाले. पण खोक्यावर उघड्या डबीच्या चित्रात ‘१२ एम’ लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून बारा महिन्यांत वापरायची. ६ ग्रॅम वर्षात संपवायचे तर रोज सरासरी १६ मिलिग्रॅम लागले पाहिजेत, तेही एक दिवस न चुकता. आठवड्यातून दोनदाच मेकअप करत असाल तर निम्म्याहून जास्त स्टिक मुदतीबाहेर जाणार. मग तीन रंगांचा सेट घेणं तर शुद्ध उधळपट्टी.

तर कोणी काय घ्यावं?

दुचाकी, हेल्मेट आणि गाठ मारून बांधलेला स्कार्फ असेल, तर घरून लावून निघण्यासाठी महागडी स्टिक घेऊ नका. लिक्विड लावा आणि वर त्याच रंगाचा पावडर ब्लश हलकेच फिरवा. हेल्मेटची आतली गादी बरोबर गालाच्या फुगीर भागावर दाबते, म्हणून ब्लश थोडा वर, गालाच्या हाडावर ठेवा. दुसरा मार्ग म्हणजे ब्लश ऑफिसात पोहोचल्यावरच लावायचा. तिथे मात्र स्टिकला तोड नाही. ब्रश नको, आरसा छोटा चालतो, दोन मिनिटांत काम होतं. यासाठी मध्यम दराची स्टिकही पुरते.

मेट्रोने, कारने किंवा कंपनीच्या बसने जाणाऱ्या आणि दिवसभर एसीत बसणाऱ्यांना महागडी स्टिक खरंच कामाची आहे. डिसेंबर-जानेवारीत गाल कोरडे पडून पावडर सुकलेल्या पिठासारखी दिसते, तेव्हा तिची किंमत कळते. तेलकट त्वचा असेल तर मात्र एप्रिल-मेमध्ये आणि पावसाळ्याच्या दमटपणात पावडरच बरी. मुरुमं येत असतील तर घटकांच्या यादीत खोबरेल तेल किंवा आयसोप्रोपिल मायरिस्टेट वरच्या पाचात आहे का बघा. काहींना त्यांनी रोमछिद्रं बुजतात.

लावताना

सनस्क्रीन लावल्यावर दहा मिनिटं थांबा. ओल्या सनस्क्रीनवर क्रीम घासलं की खोडरबरासारख्या वळ्या निघतात, आणि दोष बिचाऱ्या स्टिकवर जातो. कांडी दोन-तीन मिलिमीटरच वर काढा, जास्त काढली तर दाबाने मोडते. थेट गालावर ओढू नका. हाताच्या पाठीवर दोनदा घासून तिथून अनामिकेने उचला आणि गालावर थोपटा. घासलंत तर खालचं फाउंडेशन निघून मध्येच उघडा डाग दिसतो. आधी एकच थर द्या, खिडकीपाशी बघा, कमी वाटला तरच दुसरा. क्रीम नेहमी पावडरच्या आधी. आधी कॉम्पॅक्ट पावडर लावून वर स्टिक फिरवली की तेल पावडरमध्ये मुरतं आणि ठिगळं पडतात. शेवटी टिश्यू पेपर एका पदरात सुटा करून गालावर नुसता दाबा. वरचं जास्तीचं तेल जातं, रंग राहतो. एवढ्यानेही स्कार्फवरचा ठसा फिका होतो.

रंग

गव्हाळ आणि सावळ्या रंगावर फिकट बेबी पिंक बहुतेकदा राखाडी दिसतो. कारण टायटॅनियम डायऑक्साइड, यादीत सीआय ७७८९१. हा पांढरा रंग फिकट शेडमध्ये भरपूर असतो. विटकरी, डाळिंबी, जांभळासारखा किंवा तपकिरी झाक असलेला गुलाबी घ्या. कांडीत भडक दिसतो म्हणून घाबरू नका, थोपटल्यावर उतरतो. मॉलमध्ये मनगटावर रेघ मारून ठरवू नका. मनगट चेहऱ्यापेक्षा वेगळ्या रंगाचं असतं आणि तिथले दिवे पिवळे. टेस्टरचा वरचा थर टिश्यूने पुसायला सांगा, गालावर लावा, बाहेर उजेडात या, चार तास जाऊ द्या. एकाच फेरीत बिल केलं नाही म्हणून काउंटरवरच्या ताईंनी तोंड वाकडं केलं तर करू द्या, पैसे आपले आहेत.

आयात केलेली स्टिक इथल्या दुकानातून घेताना खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि आयात नोंदणी क्रमांक बघा. कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० नुसार नोंदणीशिवाय अशी वस्तू इथे विकता येत नाही. चार हजारांची स्टिक कोणी रस्त्यावर चारशेला देत असेल तर ती नक्कल आहे, घासाघीस करण्यात वेळ घालवू नका.

आणि स्टिक गाडीच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी इतकी तापते की कांडी झाकणात बसते. नुसते तेलाचे थेंब फुटले असतील तर पाण्याने पुसायला जाऊ नका. सावलीत पूर्ण गार होऊ द्या, मग टिश्यूने टिपा. वास खवट यायला लागला तर मात्र कितीही उरली असो, टाकून द्या.