सायकलवर हात बधिर होतात: आखूड स्टेम की उंच हँडलबार?
नाशिकहून गंगापूर धरणापर्यंत जाऊन येईतो तळवे बधिर होत असतील, तर खरेदीआधी सीट बघा. पेडल तळाशी असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर सगळा भार हातांवर येतो. मग नवा पार्ट घालूनही उपयोग नाही.

हँडल लांब वाटतं, कोपर ताठच राहतात? मग स्टेम, म्हणजे हँडलला सायकलशी जोडणारा पुढचा तुकडा. ९० ऐवजी ६० मिमीचा बसवला की हँडल ३० मिमी जवळ येतं. काम थोडं, केबल जशाच्या तशा. मात्र आवळताना स्टेमवरच्या टोपीचा बोल्ट आधी, बाजूचे नंतर. उलट केलं तर हेडसेट, म्हणजे हँडल वळवणारं बेअरिंग, खडखडतं.

फार वाकावं लागतं, कंबर धरते? मग २५ ते ४० मिमी उंचीचा राइजर, म्हणजे दोन्ही बाजूंना वर उठलेला हँडलबार. ग्रिप, ब्रेक, गिअरचा शिफ्टर सगळं उतरवावं लागतं, म्हणून मजुरी जास्त. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. केबल ताणली तर बदलाच. मधला व्यासही स्टेमशी जुळायला हवा, ३१.८ किंवा २५.४ मिमी. त्याआधी आहे तोच स्टेम उलटा बसवून बघा, बहुतेक स्टेमना थोडा कोन असतो, तो खाली झुकलेला असेल तर फुकटात उंची मिळते.

त्र्यंबक रोडने निवांत जाणाऱ्याला राइजर सोयीचा. अंजनेरीकडच्या खड्या चढांवर उंच हँडलने पुढचं चाक हलकं पडतं, तिथे हँडल फार उंच नको.