जेनेटिक काउन्सेलिंगचा अनुभव: आयसीएसआयच्या (शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडून गर्भ तयार करण्याच्या) आधी हे करून घ्याच

आयव्हीएफ सेंटरचे रिव्ह्यू भरपूर सापडतात पण तिथल्या जेनेटिक काउन्सेलिंगबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितोय. ज्यांच्या सीमेन रिपोर्टमध्ये शुक्राणूंचा काउंट शून्य आलाय त्यांनी तरी पूर्ण वाचा.

आधीच्या सेंटरला बायकोच्या टेस्टवर टेस्ट झाल्या, मला नुसत्या गोळ्या, आणि मग एकदम सर्जरी करून शुक्राणू शोधू म्हणाले. शून्य का आहे हे कुणी विचारलंच नाही! या सेंटरला मात्र पहिल्यांदा माझं रक्त घेतलं, कॅरिओटाइप (सगळ्या क्रोमोसोमची तपासणी) आणि वाय क्रोमोसोम मायक्रोडिलीशन (पुरुषांतल्या वाय क्रोमोसोमचा छोटा तुकडा गायब आहे का ते) या टेस्टसाठी. वीर्यवाहिनी हाताला लागते का तेही तपासलं, ती जन्मतःच नसेल तर सीएफटीआर जीनची टेस्ट करतात आणि मग बायकोचीही करावीच लागते, कारण दोघांकडेही त्या जीनमध्ये दोष निघाला तर बाळाला सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसांचा आणि पचनाचा गंभीर आनुवंशिक आजार) होऊ शकतो.

माझ्यात एझेडएफसी डिलीशन निघालं, म्हणजे वाय क्रोमोसोमवरचा शुक्राणू बनण्याशी संबंधित 'सी' भाग गायब. काउन्सेलर मॅडमनी कागदावर वाय क्रोमोसोम काढून दाखवला, ए, बी, सी असे तीन भाग, ए किंवा बी पूर्ण गेला असेल तर शुक्राणू मिळायची आशा जवळजवळ नसतेच आणि अशा माणसाची सर्जरी करणं म्हणजे उगाच चिरफाड. फक्त सी गेला असेल तर मायक्रो टीसीमध्ये (मायक्रोस्कोपखाली अंडकोषातून शुक्राणू शोधायची सर्जरी) साधारण निम्म्या जणांना मिळतात. हे ऐकून मला किती बरं वाटलं सांगता येत नाही, निदान कशासाठी टेबलावर झोपायचं ते तरी कळलं.

अजून एक आवडलं. पीजीटी (गर्भ आत सोडण्याआधी त्याची जेनेटिक तपासणी) करू का विचारलं तर सरळ म्हणाल्या तुमच्या या दोषासाठी गरज नाही, मुलगा झाला तर त्याच्यात तुमचाच वाय जाणार म्हणजे डिलीशनही जाणारच, मुलीत वाय नसतोच, मग गर्भ तपासून निवडायचं काय? खर्च वाढवायचा चान्स होता पण वाढवला नाही. आणि सगळं आमच्या दोघांकडे बघून बोलल्या, नाहीतर एरवी प्रश्न बायकोलाच विचारतात.

कमी पडलं ते फॉलोअप. रिपोर्ट यायला खूप वेळ लागला, रिसेप्शनला फोन केला की "अजून आला नाही" एवढंच उत्तर, अशा वेळी माणसाची झोप उडालेली असते हो. आणि जे समजावलं त्याचं लेखी काहीच देत नाहीत, आम्ही मागून घेतलं, तुम्हीही मागा.

ते लेखी सांभाळून ठेवा. मुलगा झालाच तर मोठेपणी त्याला हे सांगावं लागेल, या डिलीशनमध्ये काउंट वयानुसार घटत जाऊ शकतो, त्यामुळे वेळेत तपासणी झाली आणि शुक्राणू असतील तर तरुणपणीच फ्रीझ करून ठेवता येतात. मला हे ऑप्शन आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं.