क्रूझ लागला, एअरबॅग गेली

माझ्या गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात एक रेझिस्टर, म्हणजे करंटला ठरावीक अडथळा करणारा सुटा भाग, ठेवला आहे. काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढा, दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराएवढी तार. हा तुकडा चार महिने माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या एअरबॅगच्या ऐवजी जोडलेला होता. एअरबॅग स्टिअरिंगमध्ये जागेवर होती, पण तिच्यापर्यंत करंटच पोचत नव्हता. त्याच स्टिअरिंगमागे मी रोज बसत होतो आणि मला पत्ता नव्हता.

मी गेलो होतो क्रूझ कंट्रोल, म्हणजे पेडल न दाबता गाडीचा वेग कायम राखणारी सोय, बसवून घ्यायला.

गाडी दोन सीटांची स्पोर्ट्स कार, सहा गिअरची मॅन्युअल, सेकंडहँड घेतलेली. अशा गाड्यांत सीट जमिनीलगत, पाय पुढे पसरलेले. लांबच्या रस्त्यावर उजवा पाय एकाच कोनात धरून ठेवावा लागतो आणि दोन तासांत गुडघा ठणकायला लागतो. शिवाय वेग कधी चढला ते कळतही नाही. याच मॉडेलला कंपनी क्रूझ कंट्रोल जादा पैसे घेऊन देत होती. माझ्या गाडीच्या पहिल्या मालकाने तो घेतला नव्हता, एवढंच. म्हणजे मी काही भलतंच मागत नव्हतो.

माझ्या गाडीत थ्रॉटलला, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेला, केबल नाही. पेडल फक्त ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, सिग्नल देतं आणि थ्रॉटल ईसीयू उघडतो. अशा गाडीत क्रूझची अक्कल बहुतेकदा ईसीयूमध्ये आधीपासूनच असते. स्टिअरिंगखाली क्रूझची दांडी असलेला कंपनीचा स्विच बसवायचा, त्याच्या वायरी पोचवायच्या, ब्रेक आणि क्लचचे स्विच नीट आहेत ना ते बघायचं आणि ईसीयूमध्ये कोडिंग करून, म्हणजे त्याची सेटिंग बदलून, क्रूझ चालू करायचा. हे मी वाचून गेलो होतो. गॅरेजवाल्याशी ठरलंही अगदी हेच.

माणूस बोलायला गोड. "साहेब, क्रूझ कंट्रोल १९५८ साली क्रायस्लरच्या गाड्यांत आला. एवढ्या जुन्या गोष्टीला घाबरता कशाला?" घरी येऊन मी पाहिलं, वर्ष बरोबर होतं. एवढं खरं निघालं म्हटल्यावर बाकीचंही मी खरं धरलं. ओरिजिनल पार्टसाठी म्हणून निम्म्याहून जास्त रक्कम आगाऊ दिली. आठवड्याने कंपनीचं लेबल असलेला खोका त्याने मला दाखवला. खोका उघडून दाखव, पार्ट नंबर वाचू दे, असं मला सुचलं नाही.

काम सुरू झालं तेव्हा मी तिथेच होतो. पोऱ्याने बॅटरीची तार काढली आणि लगेच एअरबॅगच्या स्क्रूला हात घातला. बॅटरी काढल्यावरही एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे ती उडवणाऱ्या कंट्रोल डब्यात, थोडा वेळ चार्ज राहतो, म्हणून काही मिनिटं थांबायचं असतं. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मला फक्त त्याचा हात झपाझप चालतो याचं कौतुक वाटलं होतं. मग मालकाने मला बाहेर चहाला नेलं.

संध्याकाळी गाडी तयार. स्टिअरिंगखाली नवी दांडी, दिसायला अगदी कंपनीसारखी. मोकळ्या रस्त्यावर त्याने ८० ला क्रूझ लावून दाखवला, पाय पेडलवरून काढला, गाडी चालत राहिली. मी खूश. क्रूझ लागतो का, एवढंच मी बघितलं. सुटतो कसा, हे त्याने दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. बिलावर एकच ओळ होती: "स्टिअरिंग व वायरिंग काम". पार्टचं नाव नाही, नंबर नाही, कोडिंगचा उल्लेख नाही.

तिसऱ्या दिवशी एअरबॅगचा दिवा लागला. हॉर्नही कधी वाजे, कधी नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की हमखास गप्प. गाडी परत नेली. "सेन्सर रिसेट करावा लागतो, होतं असं." तासाभराने दिवा गेलेला. हॉर्नचं म्हणाला, बटण घासलंय, पुढच्या सर्व्हिसला बघू.

महिनाभराने गाडी एकदा इंजिनचा दिवा लावून मरगळली, पेडल कितीही दाबलं तरी वेग घेईना. बंद करून पुन्हा सुरू केली तर ठीक. तेही मी सोडून दिलं.

आणि मग तो दिवस. सहाव्या गिअरमध्ये १०० ला क्रूझ लावलेला, पुढे एक ट्रक हळू जात होता. ओव्हरटेक करायला चौथा टाकायचा म्हणून मी क्लच दाबला. ब्रेकला पाय लावला नव्हता. क्लच दाबताच इंजिन किंचाळलं. आरपीएमची, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांची, सुई तीन हजारांच्या आतून थेट लाल पट्ट्यात गेली आणि तिथेच थरथरत राहिली. माझा पाय पेडलवर नव्हता! घाबरून मी क्लच सोडला तो चौथ्या गिअरमध्ये. मागच्या टायरांनी आवाज केला, पाठ सीटवर आदळली, गाडी ट्रककडे झेपावली. मग ब्रेक दाबला आणि सगळं शांत झालं. बाजूला थांबलो तेव्हा हात थरथरत होते.

मॅन्युअल गाडीत क्लच दाबला की क्रूझ त्याच क्षणी सुटला पाहिजे. नाहीतर इंजिनवरचा भार निघून जातो, थ्रॉटल मात्र उघडाच राहतो. गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणतो, "स्पोर्ट्स कार आहे साहेब, जरा उसळणारच. तुम्ही आधी ब्रेक टच करत जा."

दुसऱ्या दिवशी गाडी वेगळ्या, एअरबॅगचं काम येणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने स्कॅनर लावला आणि पडदा माझ्याकडे वळवला. ईसीयूच्या लेखी माझ्या गाडीत क्रूझ कंट्रोल नव्हताच. कोडिंग केलेलंच नव्हतं. मग त्याने पेडलच्या वरचं कव्हर काढलं. आत केबल टायने लटकवलेला एक काळा डबा. पेडलची वायर कापून, हा डबा मधे घालून, ईसीयूला खोटा सिग्नल दिला जात होता. पेडलचे सिग्नल दोन असतात आणि ईसीयू ते एकमेकांशी ताडून बघतो. डबा दोन्ही बनवून पाठवत होता, आणि एक जोड ढिला झाला की ताळमेळ चुकून गाडी मरगळत होती. ब्रेकची खूण ब्रेक लाइटच्या वायरीला चिमटा मारून घेतलेली. क्लचसाठीची वायर डब्यातून निघत होती, पण तिचं टोक टेप गुंडाळून तसंच सोडलेलं. "जोडायला दहा मिनिटं लागली असती," तो म्हणाला. असे डबे नीट जोडले तर चालतातही, हे त्याने स्वतःहून सांगितलं. पण मी पैसे कंपनीच्या पार्टचे आणि कोडिंगचे मोजले होते.

दांडीही नकली निघाली. ती बघायला त्याने स्टिअरिंग उघडलं. आधी बॅटरी काढली, मग घड्याळ बघत थांबला. एअरबॅग उतरवून कॉलमचा कनेक्टर हातात घेतला आणि एकदम गप्प झाला.

स्टिअरिंगच्या मागे क्लॉक स्प्रिंग असते. घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी पट्टी; स्टिअरिंग फिरत असताना एअरबॅग आणि हॉर्नचं कनेक्शन तिच्यातून टिकतं. स्टिअरिंग काढलं की ती मधोमध धरून ठेवावी लागते. माझ्या गाडीत ती फिरवून कशीही परत बसवली होती. पहिल्यांदा स्टिअरिंग पूर्ण वळवलं तेव्हा पट्टी ताणली आणि एअरबॅगचा पदर तुटला. म्हणून दिवा, म्हणून हॉर्नचा लपंडाव. आणि त्यावरचा इलाज म्हणजे हा रेझिस्टर! एअरबॅगचं सर्किट शाबूत आहे की नाही हे मॉड्यूल त्याच्या रेझिस्टन्सवरून ओळखतं, आणि तो साधारण दोन ओहम असतो. तेवढाच रेझिस्टर कनेक्टरमध्ये खुपसला की मॉड्यूलला वाटतं एअरबॅग आहे. दिवा विझतो. धडक झाली असती तर करंट या गुलाएवढ्या तुकड्यात गेला असता.

पैशांची फसवणूक मी समजू शकतो. लोक लबाडी करतात. पण पट्टी आपल्या हातून तुटली आहे हे कळल्यावर ती बदलायचं सोडून कुणीतरी दोन ओहमचा रेझिस्टर शोधला, त्याच्या तारा वाकवल्या, कनेक्टरमध्ये बसवल्या, वर टेप लावली आणि हसत माझ्या हातात किल्ली दिली. हे मला अजून पचत नाही.

फोटो, स्कॅन रिपोर्ट आणि रेझिस्टर घेऊन मी त्याच्यासमोर उभा राहिलो. तो म्हणाला, "दिवा तर गेला होता ना?" ग्राहक तक्रार दाखल केली आहे, नव्या इलेक्ट्रिशियनने लेखी अहवाल दिला आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

गाडीत आता नवी क्लॉक स्प्रिंग आहे, पेडलची वायर दुरुस्त केली आहे, कंपनीचा स्विच आहे. त्याचा नंबर मी खोक्यावर आणि पार्टवर, दोन्हीकडे वाचला. ईसीयूचं कोडिंग माझ्यासमोर झालं. रस्त्यावर नव्या इलेक्ट्रिशियनने मला ६० ला क्रूझ लावायला सांगितला आणि म्हणाला, आता क्लच. सुई खाली आली. मग ब्रेक. मग दांडीवरून बंद. प्रत्येक प्रकार तीन-तीनदा.

तुमच्या गाडीचं स्टिअरिंग कुठल्याही कामासाठी उघडलं गेलं असेल आणि त्यानंतर एअरबॅगचा दिवा लागून "रिसेट"ने गेला असेल, तर दिव्यावर विसंबू नका. किल्ली फिरवल्यावर तो नेहमीसारखा लागून विझेल, स्कॅनरवरही दोष दिसणार नाही; माझ्या गाडीत दिसला नव्हता. कनेक्टर डोळ्यांनी बघावा लागतो. स्वतः उघडू नका, एअरबॅगचं काम येणाऱ्या माणसाकडून उघडून घ्या आणि तुम्ही शेजारी उभे राहा. कुणी चहाला बोलावलं तरी हलू नका. आणि बाहेरून बसवलेल्या क्रूझमध्ये क्लच दाबल्यावर इंजिनचा आवाज जरा जरी चढत असेल, तर ती वायर जोडली जाईपर्यंत क्रूझला हात लावू नका.