घरतपासणी सेवा: ओल पकडतात, वाळवीत घाई

रिसेल फ्लॅट घेण्याआधीच्या तपासणीत ही मंडळी ओलीच्या बाबतीत पक्की. बाथरूमची जाळी बंद करून 24 तास पाणी साठवतात, मग खालच्या फ्लॅटच्या छताला ओलावामापक लावतात. नुसत्या थर्मल कॅमेऱ्यावर विसंबण्यापेक्षा हेच बरोबर, कारण तो तापमानातला फरक दाखवतो, ओल नव्हे. फरश्या ठोकून पोकळ आवाज ऐकणं, अर्थिंग तपासणं, तेही चोख.

वाळवीत मात्र घाई. चौकटीच्या बुडाशी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या कुणालाही दिसतात; किचन ट्रॉल्या बाहेर काढून मागे, सिंकखाली, डक्टच्या भिंतीला कोण बघणार? स्क्रूड्रायव्हर टोचून लाकूड पोकळ झालंय का, हे बघायलाही सांगावं लागतं. मालकाने नुकताच रंग दिला असेल तर आणखी सावध (ओल झाकायचा सर्वांत स्वस्त उपाय तोच). फोटोंसह अहवाल आल्याशिवाय इसार देऊ नका.