बर्लिनमधली अडीच तासांची वॉकिंग टूर आणि त्यातली आठ मिनिटं

रिव्ह्यू लिहायला उशीर झालाय, परत येऊन दोन महिने होऊन गेले, पण परवा मावशी फोनवर तिथल्या एका आईच्या पुतळ्याचा विषय काढून बसली तेव्हा म्हटलं आता लिहून टाकूच. टूर कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये. माझी जी तक्रार आहे ती वेळेच्या वाटपाची आहे, आणि गाईड मुलगा खरंच चांगला होता हो, बिचारा घड्याळाला बांधलेला.

आम्ही तिघं होतो. मी, नवरा आणि माझी मोठी मावशी, वय ६९. मावशीचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, सैन्यात होता, ड्युटीवर असतानाच गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. हे सुरुवातीलाच सांगून टाकते कारण पुढचं सगळं तिच्या शेजारी उभं राहून बघितलेलं आहे. ज्यांना फक्त टूर कशी आहे एवढंच हवंय त्यांच्यासाठी: इंग्रजी सोपं आणि स्पष्ट, चालणं भरपूर, टॉयलेट ब्रेक एकच, ग्रुप पंचवीस जणांचा म्हणजे जरा जास्तच मोठा, आणि कानात घालायचा रिसीव्हर वगैरे काही देत नाहीत त्यामुळे मागे राहिलात की अर्धं ऐकूच येत नाही. मावशी गुडघ्यांमुळे कायम मागे, मी तिला मराठीत सांगत सांगत चालणार, म्हणजे मलाही अर्धंच कळलं.

रूट नेहमीचाच. ब्रांडेनबुर्ग गेटपासून सुरुवात, मग ज्यूंच्या स्मारकाचे ते २७११ काँक्रीटचे ठोकळे (इथे त्याने नीट वेळ दिला आणि आम्हाला एकेकटं आत फिरून या म्हणाला, हे आवडलं), मग हिटलरच्या बंकरची जागा जिथे आता चक्क गाड्या पार्क करतात आणि एक माहितीफलक आहे, आणि मग चेकपॉइंट चार्ली, म्हणजे भिंत होती तेव्हाची पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधली तपासणी चौकी. ती चौकी मूळची नाही, नंतर बनवून ठेवलेली आहे, आजूबाजूला मॅग्नेट आणि टोप्या विकणारी दुकानं, आणि तिथे आम्ही पंचवीस मिनिटं घालवली. पंचवीस! मी घड्याळ बघितलं म्हणून सांगते. मावशीने तेवढ्या वेळात एका पायरीवर बसून डबीतले खारे दाणे संपवले आणि म्हणाली, इथं बघायचं काय होतं?

नंतर बेबेलप्लाट्झ, १० मे १९३३ ला जिथे नाझींनी पुस्तकं जाळली तो चौक. जमिनीत एक काच आहे आणि खाली रिकाम्या पांढऱ्या शेल्फांची खोली. चांगलं आहे, पण ऊन असलं की काचेत आपलंच तोंड दिसतं.

तोपर्यंत उशीर झाला होता. समोरचा रस्ता ओलांडून गाईड म्हणाला, आता शेवटचा छोटासा स्टॉप, आठ मिनिटं, आणि मग इथेच टूर संपेल, ज्यांना रिव्ह्यू लिहायचाय त्यांच्यासाठी क्यूआर कोड माझ्याकडे आहे.

तो छोटासा स्टॉप म्हणजे नॉये वाखे. नावाचा अर्थ नवी चौकी, राजाच्या पहारेकऱ्यांसाठी शिंकेल नावाच्या आर्किटेक्टने बांधलेली, १८१८ मध्ये पूर्ण झाली. बाहेरून बुटकं ग्रीक देऊळ वाटतं, जाड खांब, काळवंडलेला दगड, पटकन कुणी आत जाणार नाही असं. १९३१ मध्ये टेसेनोव नावाच्या दुसऱ्या आर्किटेक्टने आतून ती बदलून पहिल्या महायुद्धातल्या मृत सैनिकांचं स्मारक केली आणि छताला मधोमध एक गोल भोक ठेवलं. पूर्व जर्मनीच्या काळात आत अखंड ज्योत होती आणि बाहेर सैनिक पाय उंच फेकत पहारा बदलायचे. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर १९९३ पासून हे देशाचं मुख्य स्मारक. एवढं सगळं गाईडने बाहेर उभं राहून सांगितलं आणि त्यातच आठातली पाच मिनिटं गेली.

आत गेलात की काही नाही. खरंच काही नाही, एक मोठी रिकामी खोली, करडी, ना झेंडे ना तलवारी ना नावांच्या याद्या. छताच्या त्या भोकातून उजेड खाली येतो आणि त्या उजेडात जमिनीवर एक बाई बसलीय. म्हातारी, अंगाखांद्यावरून आणि डोक्यावरून पदर घेतल्यासारखं जाड वस्त्र, आणि तिच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये तिचा मेलेला मुलगा, मोठा झालेला मुलगा, पण अंग चोरून झोपल्यासारखा. एक हात तिच्या तोंडापाशी आहे आणि दुसऱ्याने तिने त्याचा हात धरलाय. ती रडत नाहीये. ती कुणाकडे बघतही नाहीये, आपण आत आलो याची तिला काही पडलेली नाही.

मावशीने विचारलं, ही कोण? म्हटलं आई आहे, मुलगा लढाईत गेला. नाव काय तिचं? म्हटलं नाव नाही, नुसतीच आई. मावशी थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, हिला इथं कुणी वीरमाता म्हणत नाहीत का?

मी गाईडला भाषांतर करून विचारलं, तर तो जरा गोंधळला, म्हणाला नाही, या पुतळ्याचं नावच मुळात 'मृत मुलासह आई' असं आहे, वीर वगैरे काही नाही. मावशीला सांगितलं तर नुसती हं म्हणाली. तेवढ्यात आमच्याच ग्रुपमधल्या एकाने मला जरा बाजूला व्हायला सांगितलं, त्याला फोटो हवा होता. आणि मग वेळ संपली, बाहेर क्यूआर कोड.

आता यात माझं म्हणणं काय ते सांगते. मावशीला आमच्याकडे बऱ्याच वेळा स्टेजवर बोलावलंय, शाल, श्रीफळ, टाळ्या, निवेदक आवाज चढवून वीरमाता म्हणतो. ती जाते. लोक मनापासून करतात आणि तिला त्याचं वाईट वाटत नाही, उलट कुणी बोलावलं नाही तर जास्त वाईट वाटेल. पण घरी आली की ती शाल घडी करून कपाटात जाते आणि त्यातली एकही तिने कधी अंगावर घेतलेली मी बघितलेली नाही. स्टेजवर तिला काहीतरी व्हावं लागतं, ताठ बसावं लागतं, अभिमान आहे म्हणावं लागतं. या खोलीत जी बाई बसलीय तिला काहीच व्हावं लागत नाही. मला वाटतं मावशीला नेमकं हेच दिसलं, आणि ते बघायला आम्हाला तीन मिनिटं मिळाली, चेकपॉइंट चार्लीला पंचवीस.

बरं, गाईडने एक गोष्ट चुकीची पण सांगितली. तो म्हणाला क्येटे कोलविट्झ या शिल्पकार बाईने हा पुतळा या जागेसाठी केला. तसं नाही. तिने मूळ मूर्ती केली १९३७-३८ च्या सुमाराला, स्वतःसाठी, आणि ती जेमतेम ३८ सेंटिमीटरची आहे, टेबलावर मावेल एवढी. त्या वेळी नाझींचं राज्य, तिला १९३३ मध्येच कला अकादमीतून बाहेर काढलेलं. ती गेली एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध संपायला काही दिवस असताना. पुढे १९९३ मध्ये चॅन्सेलर हेल्मुट कोल यांच्या मनात आलं की हीच मूर्ती इथे हवी, आणि हाराल्ड हाके नावाच्या शिल्पकाराने ती मोठी करून दिली, साधारण चौपट.

आणि जे त्याने सांगितलंच नाही ते तर सगळ्यात महत्त्वाचं. ही गोष्ट तिची स्वतःची आहे. तिचा धाकटा मुलगा पेटर, १८ वर्षांचा, १९१४ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर स्वतःहून भरती व्हायला निघाला, पण वय कमी म्हणून वडिलांची परवानगी लागत होती. वडील नको म्हणत होते. आईने नवऱ्याला समजावलं, जाऊ दे त्याला. ऑक्टोबरमध्ये तो बेल्जियममध्ये मारला गेला. म्हणजे घरातून निघून महिनाही धड झाला नसेल. त्यानंतर तिने त्याच्यासाठी स्मारक करायला घेतलं, ते करत मोडत परत करत शेवटी १९३२ मध्ये, तब्बल १८ वर्षांनी, बेल्जियममधल्या त्याच्या दफनभूमीत बसवलं. जेवढं त्याचं वय तेवढीच वर्षं. त्यात एक आई आहे आणि एक बाप, दोघं वेगवेगळ्या चौथऱ्यांवर गुडघे टेकून बसलेत, चेहरे तिचे आणि तिच्या नवऱ्याचे. आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, तिचा नातू रशियाच्या आघाडीवर गेला, त्याचंही नाव पेटर.

हे मी त्या रात्री हॉटेलवर वाचलं आणि मावशीला वाचून दाखवलं, परवानगीचा भाग वाचू की नको असं झालं होतं पण वाचला. मावशी बराच वेळ गप्प. मग विचारते, नवऱ्यानं तिला नंतर ऐकवलं असेल का गं? म्हटलं काय माहीत. तर म्हणाली, नसेल ऐकवलं, ऐकवलं असतं तर त्याचा पुतळा तिनं शेजारी बसवला नसता.

हे कुठल्या गाईडला सुचलं असतं का सांगा.

या जागेवर टीकाही बरीच झालीय आणि ती वाचून मला पटली पण. एक म्हणजे मेलेल्या मुलाला मांडीवर घेतलेली आई ही मूळची ख्रिस्ती प्रतिमा, मरिया आणि येशू, मग ज्यूंनी ती आपली कशी मानायची? आणखी एक, दुसऱ्या महायुद्धात आया नुसत्या रडायला मागे राहिल्या नव्हत्या, लाखो बायका स्वतःच मारल्या गेल्या, त्या या मूर्तीत कुठे आहेत? आणि जमिनीवर लिहिलंय 'युद्ध आणि जुलमी सत्तेच्या बळींना', त्यात मारणारे आणि मरणारे एकाच ओळीत आले. म्हणून मग दाराशी धातूचे फलक लावले, त्यातल्या एकावर कोण कोण मारले गेले ते वेगवेगळं लिहिलंय, ते वाचल्याशिवाय आत जाऊ नका. आमच्या टूरमध्ये त्या फलकांकडे कुणी बोटही दाखवलं नाही. तसंच, मूर्ती वापरू देताना कोलविट्झच्या वारसदारांनी घातलेली अटही नाही सांगितली, की दाराबाहेर पूर्वी जे सेनापतींचे पुतळे होते ते परत तिथे उभे करायचे नाहीत. ते आता रस्त्याच्या पलीकडे आहेत. मला ही अट भारी आवडली, आईच्या दारात जनरल नकोत.

शेवटच्या दिवशी मावशीने स्वतःहून सांगितलं, त्या बाईकडे परत जाऊ. दुपारची फ्लाइट, बाहेर पाऊस, नवरा म्हणतोय बॅगा कुठे ठेवायच्या, पण गेलो. आणि बरंच झालं पाऊस होता ते. वरचं भोक उघडंच आहे, काच नाही काही नाही, पाऊस सरळ तिच्यावर पडत होता, डोक्यावरच्या त्या वस्त्रावरून ओघळून मुलाच्या अंगावर. मावशी म्हणाली, गळतंय की गं, कुणी पुसत नाही का? मी सांगितलं अगं ते मुद्दाम उघडं ठेवलंय, बर्फ पण पडतो म्हणे तिच्यावर थंडीत. मुद्दाम? हो. मग बरोबर आहे, म्हणाली, आणि उभी राहिली. किती वेळ ते मी यावेळी घड्याळ बघितलं नाही. बाकी लोक येत होते, दोन मिनिटं थांबून जात होते, एका शाळेच्या मुलांचा घोळका आला तोही आत आल्यावर आपोआप गप्प झाला. कुणी आम्हाला बाजूला व्हा म्हटलं नाही.

तर टूरला तीन स्टार. एक त्या ज्यू स्मारकाच्या वेळासाठी, दोन गाईडच्या स्वभावासाठी, मावशीचा हात धरून त्याने दोन रस्ते ओलांडून दिले. कंपनीला मेल केला होता की शेवटच्या स्टॉपला निदान वीस मिनिटं द्या, उत्तरात पुढच्या टूरचं डिस्काउंट कूपन आलं, मेल कुणी वाचला असेल असं वाटत नाही.

स्वतः जायचं तर सोपं आहे, उंटर डेन लिंडेन या मोठ्या रस्त्यावरच, हुम्बोल्ट युनिव्हर्सिटीच्या शेजारी, यू-५ मेट्रोचं म्युझियम्सइन्झेल स्टेशन अगदी जवळ. तिकीट नाही. सकाळी १० नंतर जा, आणि टूर ग्रुप दुपारकडे येतात त्याच्या आधी गेलात तर खोली जवळजवळ रिकामी मिळते. आत बसायला बाक नाही, हे वयस्कर लोकांना घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्यांना आधी कुठेतरी बसवून चहा-कॉफी पाजून मग न्या. आणि पाऊस असेल तर मूर्तीच्या आजूबाजूची जमीन ओली असते, पाय घसरू शकतो, हात धरा. मावशीने माझा सोडवून घेतला होता, पण तुम्ही धरा.