'ब्लू-आइज' कार्डाच्या नादात ४६,५५० रुपये गेले. सांगली-मिरजेच्या पोरांनी तरी वाचा

हिशोब आधी देतो. टोकन ४,०००. कार्डाचे उरलेले ३४,५००. 'इन्शुरन्स आणि पॅकिंग' १,८५०. आणि सगळं कळल्यावर वरून आणखी ६,२००, त्याचं पुढे सांगतो. एकूण ४६,५५०. आमच्या आण्णांना दहा-बारा हजार गेलेत एवढंच माहीत आहे, तेव्हा पेठेतल्या ओळखीच्यांनी हा आकडा दुकानात येऊन बोलू नये ही विनंती.

घेत होतो 'ब्लू-आइज व्हाइट ड्रॅगन'. यु-गि-ओ या जपानी पत्त्यांच्या खेळाच्या पहिल्या इंग्रजी सेटमधलं, २००२ चं, सेटमधला नंबर एलओबी-००१, फर्स्ट एडिशन म्हणजे पहिल्या छपाईचं. खेळाच्या कार्टूनमधल्या कथेत हे कार्ड जगात चारच, त्यातलं चौथं नायकाचा प्रतिस्पर्धी कायबा स्वतःच्या हाताने फाडतो. शाळेसमोरच्या टपरीवरच्या खोट्या कार्डांच्या पाकिटांवर ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना या कार्डाचं काय वाटतं ते मला समजावून सांगायला नको. बाकीच्यांनी "एवढे पैसे कागदाला?" हे विचारू नका. तेवढं पोलिसांनी पोटभर विचारून झालंय.

आणि मी काही नवखा नाही. कार्डाची ताकद आणि कार्डाची किंमत यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो हे मला माहीत आहे. ब्लू-आइजचा हल्ला ३०००, बचाव २५००, बाकी त्याला कसली करामत नाही, आजच्या खेळात ते एकट्याने काही उखडत नाही. 'पॉट ऑफ ग्रीड' फुकटात दोन कार्डं ओढून देतं, म्हणून अधिकृत स्पर्धांत कित्येक वर्षं बंदी आहे, तरी साधी प्रत स्वस्तात मिळते. पैसे मोजायचे ते छपाईचे, सालाचे आणि अवस्थेचे. हे मी कार्डांच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर दहावी-बारावीच्या पोरांना शंभरदा लिहिलंय. ती पोरं 'ओबेलिस्क ४०००-४०००' ऐकून वेडी होतात आणि टोकन पाठवून बसतात. ओबेलिस्क आणि त्याच्यासारखे आणखी दोन, असे खेळात तीन इजिप्शियन देव आहेत. त्यांची सुरुवातीची कार्डं तर मागची बाजू वेगळ्या रंगाची काढली होती, ती अधिकृत सामन्यात चालतच नव्हती. 'तिन्ही देव, पॉवरफुल, स्पर्धेत वापरा' असं लिहिणारा दिसला की तिथूनच मागे फिरा.

माझा विक्रेता असं काही बोलला नाही. तोच तर डाव होता. बोलायला अगदी जाणकार. स्वतःहून म्हणाला, "दादा, मिंट, म्हणजे कोरं करकरीत नाहीये, वरच्या कडेला पांढरं झालंय, म्हणून कमी लावतोय." खोटा माणूस स्वतःच्या मालाची खोट सांगेल का? सांगतो. आता कळलं. ग्रुपवर त्याच्या नावाने पंचवीस-तीस जणांच्या पावत्या होत्या, 'मस्त माणूस, पार्सल मिळालं' असल्या. मध्ये पैसे धरून ठेवणारा मिडलमन होता, ॲडमिननेच सुचवलेला. आता माझी खात्री आहे की विक्रेता, मिडलमन आणि ॲडमिन ही एकाच घरातली माणसं, बहुतेक एकच माणूस. तिघेही 'कन्फर्म'ला 'कनफ्रम' लिहायचे. ग्रुपच्या ॲडमिनने सुचवलेला मिडलमन म्हणजे मिडलमन नाहीच. ओळखीच्या दुकानदारालाच मध्ये घाला, नाहीतर व्यवहार सोडा.

आता तो फोटो. हा आठवला की मला अजून झोप येत नाही.

मी म्हटलं होतं, आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवून फोटो पाठव. त्याने पाठवला. सागवानी टेबल, चिठ्ठी, ब्लू-आइज, आणि शेजारी त्याच्या संग्रहातलं पोकेमॉनचं महागडं कार्ड, चारिझार्ड, ४/१०२ वाला, नुसता दिमाख दाखवायला. दोन्ही कार्डं उघडी, खालची कड एका रेषेत. आणि वरचीही कड एका रेषेत! यु-गि-ओचं कार्ड ५९ बाय ८६ मिलिमीटर. पोकेमॉनचं ६३ बाय ८८. लहान असतं आपलं कार्ड, लहान! कार्डांवर चढवायची कव्हरं दोघांची वेगळी घ्यावी लागतात, माझ्या कपाटात दोन्ही मापांची पडून आहेत. तो फोटो मी बोटांनी मोठा करून बघितला, पांढऱ्या कडा बघितल्या, चिठ्ठीवरचं अक्षर बघितलं, ड्रॅगनच्या डोळ्यांचा रंग बघितला. उंची बघितली नाही. रात्रीचे साडेअकरा, दिवसभर मार्केट यार्डात सौद्यांना उभा, टेबलाचा फोटो जरा तिरका, आणि खाली सारखं 'दुसरा गिऱ्हाईक थांबलाय' चाललेलं. कुणालाही दिसलं नसतं. नंतर व्हिडिओ कॉल केला तेव्हा त्याचा अंगठा कार्डाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावरून हलत नव्हता, तेही मला धरण्याची पद्धत वाटली.

आठवड्याने पार्सल आलं. हो, आलं. ट्रॅकिंगसकट, इन्शुरन्सच्या खोट्या पावतीसकट. कुरिअरवाल्यासमोर उघडतानाचा व्हिडिओ काढला, सगळे सांगतात तसा. त्याचा उपयोग शून्य झाला. आत कार्ड होतं, कडक प्लॅस्टिकच्या खोक्यात. अंगठ्याखालच्या कोपऱ्यात आठ आकडे: ४६९८६४१४. ब्लू-आइजचा नंबर ८९६३११३९ आहे. ४६९८६४१४ हा 'डार्क मॅजिशियन'चा. छापणाऱ्याने तेवढीही तसदी घेतली नव्हती. उजव्या कोपऱ्यातल्या चमकत्या चौकोनात डोळ्याचं चित्र असायला हवं, तिथे नुसती चंदेरी टिकली. पट्टी लावली, ८८ मिलिमीटर. विकत घेण्याआधी विक्रेत्याकडून पट्टीसकट फोटो मागा, दोन्ही कोपरे बोट न लावता दाखवायला सांगा, आठ आकडे कार्डांच्या कुठल्याही डेटाबेसवर टाकून बघा. फुकट आहे.

मी मेसेज केला. पळून गेला असेल वाटलं होतं, पण तो माफी मागत होता. "दादा, गोडाऊनच्या पोराने बदली केली. माझ्याकडे ग्रेड केलेलं सीलबंद आहे, फरक ६,२०० भरा, तेच पाठवतो, जुनं ठेवून घ्या." सोबत स्लॅबचा फोटो (ग्रेडिंग कंपनी कार्ड तपासून, दर्जा देऊन ज्या कडक डबीत सीलबंद करते ती), त्यावरचा प्रमाणपत्र क्रमांक. ग्रेडिंग कंपनीच्या साइटवर टाकला तर बरोब्बर ब्लू-आइज, एलओबी-००१. मग कोण भरणार नाही? तो क्रमांक खराच होता, फक्त ते कार्ड जगात दुसऱ्या कुणाच्या तरी कपाटात आहे. खऱ्या स्लॅबच्या फोटोवरून क्रमांक उचलणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. साइटवर फोटो असेल तर कडांवरचे ओरखडे जुळतात का ते पाहा. क्रमांक जुळणं हा पुरावा नव्हे. ६,२०० गेले त्या रात्री ग्रुपही गेला.

यापुढची कहाणी जास्त चीड आणणारी आहे.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. पण पैसे जाऊन आठवडा झाला होता, आणि पार्सल खरंच पाठवण्याचं कारण मला तिथे उमगलं. पार्सल वाटेत आहे तोवर माणूस गप्प बसतो. तोवर पैसे चार खाती पुढे. माझे पैसे गेलेल्या खात्यात ६१२ रुपये सापडले. ते गोठवलेत. तेही मला मिळायला कोर्टाचा आदेश लागेल असं तेव्हा सांगितलं.

मग पोलीस ठाणं. कुठलं ते लिहीत नाही. तिथल्या साहेबांचा पहिला प्रश्न, "पत्ते? म्हणजे जुगार खेळत होता?"

"नाही साहेब, संग्रहाचं कार्ड आहे. ड्रॅगनचं."

"ड्रॅगनचं." मग आतल्या खोलीकडे बघून, "ए, इकडं ये, चाळीस हजाराचा ड्रॅगन बघ." दोघं येऊन बघून गेले. एकाने फोटो काढला. माझं वय विचारलं. ते कशाला?

नंतर ऐकवलं, "वस्तू तर मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली, ग्राहक मंचात जा." बघा, पार्सलचा दुसरा फायदा. दगड आला असता तर गुन्हा झाला असता, खोटं कार्ड आलं म्हणून 'व्यवहारातला वाद'! पाठवणाऱ्याचा पत्ताच खोटा, मंचात नोटीस कुणाला काढणार? मी ते म्हटल्यावर, "खातं परराज्यातलं आहे, आमची हद्द नाही." १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी प्रिंट काढून नेली. साहेब म्हणाले, "वकील आहात का?" नाही, हळदीचा अडत्या आहे, पण वाचता येतं. नोंद होत नसेल तर त्याच कलमाच्या पोटकलम ४ प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पोस्टाने पाठवता येतो. मी रजिस्टर्ड पाठवलाय, पोच जपून ठेवलीय. अर्जात न्याय संहितेचं ३१८(४) आणि आयटी कायद्याचं ६६-ड लिहा, नुसतं 'फसवलं' लिहिलंत तर कागद फायलीखाली जातो.

बँकेत वेगळा तमाशा. "पिन तुम्हीच टाकला ना? मग अनधिकृत व्यवहार होत नाही." तीन दिवसांत कळवलं तर भरपाईचा जो रिझर्व्ह बँकेचा नियम सगळे फॉरवर्ड करत असतात, तो तुमच्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशांसाठी आहे. आपण हौसेने पाठवलेल्यांना तो लागत नाही. हे सांगायला मॅनेजरनी मला दोन तास बाकावर बसवलं. पोलिसांचं पत्र आणा म्हणाले. पोलीस म्हणतात बँकेचा खातेउतारा आणा.

आण्णांनी फक्त एवढंच विचारलं, "यार्डात राजापुरीचं हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय पुढचा सौदा बोलत नाहीस, मग हे न बघता कसं घेतलंस?" त्यांना काय सांगणार, ब्लू-आइज मोडून बघत नसतात.

आता कामाचं. सागवानी टेबलावर शेजारी चारिझार्ड ठेवून काढलेला फोटो ज्यांना आला असेल, पैसे गेले असोत वा नसोत, त्यांनी चॅट पुसू नका. पैसे गेले असतील तर आजच पोर्टलवर स्वतंत्र तक्रार टाका, प्रत्येक हप्त्याचा बारा आकडी यूटीआर (व्यवहार क्रमांक) लिहा, पार्सलचं खोकं लेबलसकट ठेवा, आणि मला मेसेज करा. एकाच खात्यावरच्या सगळ्या तक्रारींचे क्रमांक जोडून अधीक्षकांकडे दुसरा अर्ज द्यायचा आहे. मिरजेचा एक जण आणि इस्लामपूरची एक ताई आत्तापर्यंत मिळालेत, तिचे १८,००० आहेत. तिलाही ठाण्यात आधी जुगाराचंच विचारलं.