एकच गाडी, तीन पर्याय: स्ट्राँग हायब्रिड, माइल्ड हायब्रिड की सीएनजी?

टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत एकटीने गाडी चालवू शकणारी विजेची मोटर), माइल्ड हायब्रिड (इंजिनाला फक्त मदत करणारी छोटी मोटर) आणि सीएनजी अशा तीन प्रकारांत मिळत असल्याने इंधनबचतीचे तीन उपाय शेजारी ठेवून पाहण्यास ही गाडी सोयीची आहे. आकार तोच, वजनही फार वेगळे नाही. फरक आहे तो इंधनातली ऊर्जा चाकांपर्यंत कशी पोहोचते याचा.

कंपनीचे आकडे अनुक्रमे लिटरला २७.९७ किलोमीटर, लिटरला सुमारे २१ आणि किलोला २६.६ असे आहेत. सीएनजी हायब्रिडच्या बरोबरीची वाटते ती इथेच. पण किलो आणि लिटर एका तागडीत घालता येत नाहीत. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर किलोभर सीएनजीमध्ये जवळपास ४८. त्या हिशेबाने किलोमीटरमागे स्ट्राँग हायब्रिडला १.१, माइल्डला १.५ आणि सीएनजीला १.८ मेगाज्यूल लागतात. म्हणजे सीएनजीची बचत ही इंधनाच्या दरातली आहे, अभियांत्रिकीतली नव्हे. खिशाला दोन्ही सारख्याच, हे मात्र मान्य.

स्ट्राँग हायब्रिडमधले १.५ लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन ॲटकिन्सन पद्धतीने चालते. त्यात हवा आणि इंधन आत घेणारी झडप उशिरा मिटते, त्यामुळे वायू दाबला जातो त्यापेक्षा त्याचे प्रसरण जास्त होते आणि जळलेल्या वायूतून अधिक काम काढून घेता येते. अशा इंजिनाला कमी वेगात ओढ कमी पडते. ती उणीव विजेची मोटर भरून काढते. वाकड-हिंजवडीच्या संध्याकाळच्या गर्दीत हा फरक प्रत्यक्ष जाणवतो: गाडी पुढे सरकते ती बॅटरीवर, आणि एसीचा कॉम्प्रेसरही विजेवर असल्यामुळे इंजिन बंद असताना थंड हवा चालू राहते. माइल्डमध्ये सिग्नलला इंजिन थांबते खरे, पण कॉम्प्रेसरचा पट्टा इंजिनाला जोडलेला असल्याने थोड्याच वेळात एकतर गरम हवा सोसावी लागते, नाहीतर इंजिन पुन्हा सुरू होते. शिवाय माइल्डची छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते, एकटीने गाडी हलवत नाही.

ब्रेक लावताना किंवा उतारावर वाया जाणारी ऊर्जा स्ट्राँग हायब्रिड विजेत बदलून बॅटरीत साठवते. बोरघाटाचे उदाहरण मात्र तिची मर्यादाही दाखवते. माणसांसह दीड टनाची गाडी ५०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे २ युनिट ऊर्जा मोकळी होते. हवा, टायर आणि रूपांतरातली घट वजा केली तरी जे उरते ते ०.७६ युनिटच्या बॅटरीत मावत नाही, कारण ती आयुष्य टिकावे म्हणून पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरू दिली जात नाही. घाट संपण्याआधीच ती भरते आणि मग गिअरचा दांडा ‘बी’वर घेऊन इंजिनाचाच ब्रेक वापरावा लागतो.

सीएनजीत माइल्डचेच १.५ लिटरचे इंजिन आहे, पण गॅसवर त्याची ताकद १०३ पीएसवरून (पीएस म्हणजे अश्वशक्तीचे एकक) ८८च्या आसपास येते. डिकीतली टाकी, पंपावरची रांग आणि दर तीन वर्षांनी टाकीची सक्तीची दाबचाचणी हे सगळे धरूनच निर्णय घ्यावा. रोज ठरलेल्या मार्गावर जाणाऱ्याला आणि घराजवळ पंप असणाऱ्याला हे जड जात नाही.

आता पैशांचा हिशेब. वर्षाला १५,००० किलोमीटर आणि पेट्रोल १०० रुपये लिटर धरले, तर कंपनीच्या आकड्यांनुसार स्ट्राँग हायब्रिड माइल्डपेक्षा सुमारे १७,८०० रुपये वाचवते. ३ लाख जास्त मोजले असतील तर वसुलीला १७ वर्षे लागतील. पण गर्दीत माइल्ड १२ आणि हायब्रिड २२ देते असे गृहीत धरा, की तोच काळ साडेपाच वर्षांच्या आत येतो. महामार्गावर एकसारख्या ९०-१०० च्या वेगाने जाताना ब्रेकच क्वचित लागतो, तिथे परत मिळवायला ऊर्जाच नसते. त्यामुळे महिन्यातले बहुतेक किलोमीटर द्रुतगती मार्गावर जात असतील तर माझे मत माइल्डकडे झुकते, आणि शहरातल्या गर्दीत जात असतील तर निःसंशय स्ट्राँग हायब्रिडकडे.